'अरे टारझना!' हा शब्द मराठी धरायचा का?

प्रश्न असाय की झाडावर चढलेल्या नातवाला आजी "अरे टारझना, उतर खाली" म्हणते, तर हा शब्द मराठी झाला का, आणि त्याला मुळात काही अर्थ आहे का.

अर्थ आहे की! एडगर राइस बरोज या अमेरिकन लेखकाची ही गोष्ट १९१२ साली एका मासिकात आली, आफ्रिकेच्या जंगलात वानरांनी वाढवलेलं इंग्रज लॉर्डाचं पोर. वानरांची भाषाही बरोजनेच रचली, त्यात टार म्हणजे पांढरं आणि झान म्हणजे कातडं. म्हणजे हे नाव कसलं, टोपणनावच, आपल्याकडे काळ्या, गोऱ्या म्हणतात ना, तसलं. आता उन्हात रापून कोळसा झालेल्या पोराला आपण टारझन म्हणतो म्हणजे अक्षरशः 'ए गोऱ्या कातडीच्या' म्हणतो.

पण आपला टारझन पुस्तकातला नाहीच, तो पिक्चरमधला. पुस्तकातला पठ्ठ्या आईबापांच्या खोपट्यातली पुस्तकं बघून एकट्याने इंग्रजी वाचायला शिकतो, पुढे फ्रेंचही बोलतो. १९३२ च्या पिक्चरमध्ये जॉनी वाइसमुलर आला, ऑलिम्पिकचा पोहणारा, तो बोलायचा जेमतेम दोनचार शब्द, पण ती आरोळी! मुंबईत वाडिया मूव्हीटोननेही त्या दशकात 'तूफानी टारझन' काढला, आणि १९८५ ला हेमंत बिर्जेचा आला तेव्हा तर शर्ट काढून दंड दाखवणारा जो तो टारझन. लॉर्डपणा, वाचन, आफ्रिका सगळं गळालं, उरलं काय तर उघडं अंग, लटकणं आणि ओरडणं. वडाच्या पारंबीला लोंबकळून आ‌ऽऽआऽऽ केलं नाही असं पोर आमच्या आळीत नव्हतं (माझा ढोपरावरचा व्रण तिथलाच).

आता मराठी झाला का? माझ्या मते झाला, आणि पुरावा व्याकरणात आहे. विशेषनामाचं सहसा अनेकवचन करत नाहीत, पण आपण "जिममधल्या टारझनांना सांगा जरा" असं सहज म्हणतो, कुंभकर्ण नि नारद यांचं झालं तसंच. शिवाय टारझनगिरी आहेच, दादागिरीच्या चालीवर. आणि आजीचं संबोधन बघा, रामा, गणपा तसं टारझना, ते काही तिला कोणी शिकवलेलं नाही. उच्चारालाही त्रास नाही, झाड-झऱ्यातला झ आपल्याकडे आधीपासूनच आहे, हिंदीवाल्यांना मात्र तिथे ज खाली नुक्ता, म्हणजे टिंब, द्यावा लागतो.

जाताजाता, टारझाना नावाचं गाव खरंच आहे हं, कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसमध्ये. बरोजने १९१९ ला तिथे जमीन घेतली आणि तिला हे नाव दिलं, आजीच्या हाकेचा त्याच्याशी काही संबंध नाही.