यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा मराठीतून खरोखर देता येते का, आणि तिची रचना नेमकी कशी असते?

तुम्ही विचारले आहे की, कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला असताना आणि सगळे शिक्षण मराठी माध्यमातून झालेले असताना केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा कशी समजून घ्यावी, आणि ती मराठीतून देता येते असे जे सांगितले जाते त्यात तथ्य किती. मी ही परीक्षा पाच वेळा दिली. तीनदा मुख्य परीक्षा मराठीतून लिहिली, एकदा मुलाखतीपर्यंत पोहोचलो, अंतिम यादीत मात्र नाव आले नाही. आता मी एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो आणि दरवर्षी हाच प्रश्न घेऊन येणाऱ्या मुलांशी बोलतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मराठीतून परीक्षा देता येते हे अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे आपल्या मुलांच्या फार उशिरा लक्षात येते. परीक्षेचे तीन टप्पे आहेत : पूर्व, मुख्य आणि मुलाखत. मुख्य परीक्षा आणि मुलाखत या दोन्हींसाठी मराठी निवडता येते. पूर्व परीक्षेची प्रश्नपत्रिका मात्र फक्त इंग्रजी आणि हिंदीत छापलेली असते. म्हणजे ज्या दारातून सर्वाधिक उमेदवार परत फिरतात, त्या दारावर मराठी नाही. २०२४ च्या परीक्षेचे आकडे पाहा. ९,९२,५९९ जणांनी अर्ज केले, ५,८३,२१३ प्रत्यक्ष परीक्षेला बसले, त्यांतून १४,६२७ मुख्य परीक्षेसाठी पात्र ठरले, २,८४५ मुलाखतीला गेले आणि १,००९ जणांची शिफारस झाली. खरी गळती पहिल्याच दिवशी होते.

हा पहिला दिवस असा असतो. सकाळी सामान्य अध्ययनाचा पेपर, १०० प्रश्न, २०० गुण, दोन तास. दुपारी सीसॅट, म्हणजे उताऱ्यांचे आकलन, तर्क आणि प्राथमिक गणित तपासणारा पेपर, ८० प्रश्न, पुन्हा २०० गुण आणि दोन तास. दोन्हींत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश भाग वजा होतो, सोडलेल्या प्रश्नाला काही वजा होत नाही. मुख्य परीक्षेसाठी निवड फक्त सकाळच्या पेपरवर ठरते. सीसॅट २०११ मध्ये आला तेव्हा त्याचे गुण धरले जात. २०१५ पासून तो केवळ पात्रतेचा आहे आणि त्यात ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण मिळाले की पुरे. पूर्व परीक्षेतले कोणतेच गुण अंतिम गुणवत्ता यादीत धरले जात नाहीत. सकाळच्या पेपरचा कटऑफही दरवर्षी हलतो : खुल्या प्रवर्गासाठी तो २०२२ मध्ये ८८.२२ होता आणि २०२३ मध्ये ७५.४१ वर आला. त्यामुळे अमुक प्रश्न सोडवले की झाले, असे कोणी खात्रीने सांगत असेल तर त्यावर विसंबू नका.

‘पात्रतेचा पेपर’ हे शब्द ऐकून मी सीसॅटकडे दुर्लक्ष केले, आणि माझा दुसरा अटेम्प्ट त्यातच गेला. सकाळचा पेपर कटऑफच्या वर होता, पण सीसॅटमध्ये ६६ च्या आतच अडकलो, आणि सकाळच्या गुणांना काही अर्थ उरला नाही. गणित मला अवघड गेले नव्हते. अडवले ते उताऱ्यांनी. इंग्रजी उतारा वाचायला मला वेळ लागत असे, म्हणून मी नजर हिंदीकडे वळवत असे. देवनागरी लिपी असल्याने हिंदी आपल्याला येते असा आपला समज असतो, पण परीक्षेतली हिंदी बोलण्यातली नसते. आपण वर्गात ‘चलनवाढ’ शिकतो, तिथे ‘मुद्रास्फीति’ येते. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण आणि ‘आपत्ति’ म्हणजे बऱ्याचदा हरकत, हे शांतपणे वाचताना कळते. मात्र दोन तासांत ८० प्रश्न सोडवायचे असताना मराठी मन आधी आपलाच अर्थ लावते, आणि ‘पुढीलपैकी कोणते अनुमान उताऱ्यातून निघते’ अशा प्रश्नात एका शब्दाचा घोळ पुरेसा असतो. म्हणून माझा आग्रह असा की, तुमच्याकडे पदवीचे जे दीड वर्ष आहे, त्यात दुसरे काही झाले नाही तरी चालेल, पण रोज एक इंग्रजी वृत्तपत्र, निदान त्यातला एक अग्रलेख, शब्दकोश शेजारी ठेवून वाचा. इंग्रजी बोलता येण्याची गरज नाही. वाचून अचूक समजण्याची आहे.

मुख्य परीक्षेत नऊ पेपर असतात. त्यांपैकी दोन भाषांचे, प्रत्येकी ३०० गुणांचे : एक भारतीय भाषेचा, जिथे तुम्ही मराठी घ्याल, आणि दुसरा इंग्रजीचा. दोन्हींत २५ टक्के, म्हणजे ७५ गुण मिळवावेच लागतात. ते यादीत धरत नाहीत, पण मिळाले नाहीत तर बाकीच्या सात पेपरांचे गुण विचारात घेतले जात नाहीत. उरलेल्या सातांत निबंध, सामान्य अध्ययनाचे चार (त्यांतला चौथा नीतिशास्त्राचा) आणि वैकल्पिक, म्हणजे तुम्ही स्वतः निवडलेल्या विषयाचे दोन, प्रत्येकी २५० गुणांचे, एकूण १७५०. सध्याची ही रचना २०१३ पासूनची आहे. त्याआधी दोन वैकल्पिक विषय घ्यावे लागत आणि नीतिशास्त्राचा स्वतंत्र पेपर नव्हता. मराठी साहित्य हाही वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो, पण तो केवळ मातृभाषा म्हणून सोपा जाईल असे समजून घेऊ नका. वाङ्मयाचा इतिहास आणि समीक्षा यांत मन रमत असेल तरच घ्या.

इथेही एक बारकावा आहे. उत्तरे तुम्ही मराठीत लिहिणार असलात तरी भाषेचे आणि साहित्याचे पेपर सोडल्यास प्रश्न इंग्रजी आणि हिंदीतच छापलेले असतात. सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत साधारण २० प्रश्न आणि तीन तास, म्हणजे एका उत्तराला सरासरी नऊ मिनिटे. एवढ्यात इंग्रजी प्रश्न वाचायचा, मराठीत विचार जुळवायचा आणि दीडशे किंवा अडीचशे शब्दांत उतरवायचा. जे वाचले ते इंग्रजीत आणि जे लिहायचे ते मराठीत, या ओढाताणीत माझी पहिली मुख्य परीक्षा गेली, कारण प्रत्येक संज्ञेला मराठी शब्द मी तिथे बसून शोधत होतो. नंतर मी एक जाडजूड वही केली आणि वाचताना भेटणारी प्रत्येक संज्ञा तिच्या मराठी प्रतिशब्दासह लिहून ठेवली. मग तोच शब्द सगळीकडे वापरला. तांत्रिक संज्ञेचे इंग्रजी रूप कंसात देण्याची मुभा आयोगाच्या नियमांत आहे, ती जरूर वापरा, मात्र अख्खी वाक्ये इंग्रजीत लिहू नका. ती वही माझ्या सर्व नोट्सपेक्षा जास्त उपयोगी पडली. पुण्यातल्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसा किंवा दिल्लीत ओल्ड राजेंद्र नगरला जा, हे काम दुसरे कोणी तुमच्यासाठी करून देत नाही. घरची परिस्थिती बेताची असेल तर राज्य शासनाच्या मुंबईतील प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेच्या प्रवेश परीक्षेची, तसेच बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य शासनाच्याच संस्थांच्या योजनांची माहिती आत्तापासून घ्या.

मुलाखत २७५ गुणांची असते आणि ती दिल्लीत शाहजहान रोडवरच्या धोलपूर हाउसमध्ये होते. मुख्य परीक्षेतले तुमचे गुण मंडळासमोर नसतात. मी मराठीतून मुलाखत दिली. दुभाषी शेजारी होता. तो माझे वाक्य इंग्रजीत मांडत असताना मला क्षणभर उसंत मिळे, ही एक सोय झाली, पण माझ्या बोलण्यातली जी छटा मला महत्त्वाची वाटत होती ती पोहोचली की नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून वाचत बसावे लागे. छोटी, सरळ वाक्ये बोलण्याचा सराव केला असता तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते.

१७५० आणि २७५ मिळून २०२५ गुण होतात. २०२३ च्या परीक्षेत देशात पहिल्या आलेल्या उमेदवाराला १०९९ गुण होते, म्हणजे जेमतेम ५४ टक्के, आणि खुल्या प्रवर्गात शेवटची शिफारस ९५३ गुणांवर झाली. शाळा-कॉलेजात नव्वद टक्क्यांची सवय झालेल्या मुलांना हे आकडे मी मुद्दाम दाखवतो, कारण इथे सगळे परिपूर्ण लिहिण्याच्या हट्टापायी शेवटचे चार प्रश्न कोरे ठेवणारा मागे पडतो. यादी लागल्यावर क्रमांक, प्रवर्ग आणि तुम्ही दिलेला पसंतीक्रम यांवरून सेवा मिळते. एकाच परीक्षेतून वीसेक सेवा भरल्या जातात आणि भारतीय प्रशासकीय सेवेच्या जागा अलीकडे दरवर्षी १८० च्या आसपास राहिल्या आहेत, म्हणून बाकीच्या सेवांविषयीही आधी वाचून ठेवा.

पात्रतेसाठी कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी चालते, मुक्त विद्यापीठाचीही, आणि शेवटच्या वर्षात असतानाही पूर्व परीक्षेला बसता येते. वयाची मोजणी परीक्षेच्या वर्षातील १ ऑगस्टला होते : किमान २१, आणि कमाल खुल्या प्रवर्गाला ३२, इतर मागासवर्गाला ३५, अनुसूचित जाती-जमातींना ३७. खुल्या प्रवर्गाला सहा आणि इतर मागासवर्गाला नऊ अटेम्प्ट मिळतात. अनुसूचित जाती-जमातींना वयोमर्यादेपर्यंत कितीही. नुसता अर्ज भरल्याने अटेम्प्ट मोजला जात नाही, परंतु पूर्व परीक्षेच्या एका जरी पेपरला बसलात तरी तो मोजला जातो. मी पहिला अटेम्प्ट ‘अनुभवासाठी’ दिला होता. तो अनुभव घरी घड्याळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवूनही मिळतो, आणि आयोगाच्या संकेतस्थळावर त्या विनामूल्य आहेत. या रविवारी मागच्या वर्षीचा सीसॅट काढा, दोन तास लावा, आणि ६६ च्या किती वर किंवा खाली आहात ते पाहून मला इथेच कळवा. पुढचे त्यावरून सांगता येईल.