वाचकांचे प्रश्न : उंट हाती असूनही बरोबरी

प्रश्न : बुद्धिबळाच्या डावाच्या अखेरीस काळ्याने घोडा देऊन माझे जी४ वरचे प्यादे मारले. मी राजाने घोडा घेतला, आणि ई४ वरचा उंट व एच५ वरचे प्यादे माझ्याकडे राहिले. काळ्याचा राजा जी७ वर एकटा होता, तरी डाव बरोबरीत सुटला. माझे कुठे चुकले?

उत्तर : आपला उंट पांढऱ्या घरांतून चालतो आणि एच८, जिथे प्याद्याचा वजीर व्हायचा, ते घर काळे आहे. त्यामुळे कोपऱ्यात शिरलेल्या राजाला तो तेथून हुसकावू शकत नाही. राजा जी६ वर आणून एच६ खेळलात व उंटाने जी८ अडवलेत, की शह न बसताच काळ्याच्या चाली संपतात आणि डाव बरोबरीत सुटतो. चूक घोडा घेताना झाली नाही, ती जी४ वरचे प्यादे घोड्याच्या माऱ्यात राहू दिले तेव्हाच झाली होती. असा घोडा फुकट मिळत नसतो!