टोमॅटोशेजारी झेंडू लावला की कीड पळून जाते का?

नाही, पळून जात नाही. उलट येते. झेंडूवर येते, आणि तो त्यासाठीच लावायचा असतो.

तुम्ही लिहिलंय की टेरेसवर टोमॅटो, वांगी, मिरची आणि थोडा कोबी अशा कुंड्या आहेत. मधेमधे झेंडू लावला की त्याच्या वासाने कीड फिरकत नाही असं व्हिडिओत सांगतात, ते खरं का, आणि कुठल्या भाजीबरोबर कुठलं फूल लावावं, असा तुमचा प्रश्न आहे. मी जुन्नर तालुक्यात नारायणगावच्या बाजूला टोमॅटो करते. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण ‘वासाने कीड पळते’ या समजुतीवरून आमच्या घरात झालेला वाद अजून मिटलेला नाही.

आधी अळीचं सांगते. टोमॅटोला भोक पाडणारी हिरवी अळी म्हणजे हरभऱ्यावरची घाटेअळीच. तुरीच्या शेंगेत तीच, कापसाच्या बोंडात तीच. हिचा पतंग रात्री फिरतो आणि कोवळ्या शेंड्यावर, कळीवर, फुलावर एकेक अंडं घालत जातो. अंडं खसखशीच्या दाण्याएवढं, पिवळसर पांढरं. एक मादी शेकड्यांनी अंडी घालते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते, सुरुवातीला पानं खरवडते आणि जरा मोठी झाली की फळात तोंड खुपसते, अर्धं अंग आत आणि अर्धं बाहेर. एक फळ धरून पुरं खाईल तर तसंही नाही, हे टोचलं, ते टोचलं असं करत चांगली फळं नासवत जाते. एकदा आत घुसली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणजे जे काही करायचं ते अंडं असताना किंवा अळी बारीक असतानाच करायचं.

या पतंगाला टोमॅटोपेक्षा झेंडूची कळी जास्त आवडते. बंगळूरूजवळ हेसरघट्ट्याला भारतीय बागायती संशोधन संस्था आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनी याची पद्धत बसवून दिलेली आहे. टोमॅटोच्या 16 ओळींमागे झेंडूची एक ओळ. झेंडू उंच वाढणारा, आफ्रिकन. लागणीच्या दिवशी झेंडूचं रोप 40 ते 45 दिवसांचं हवं आणि टोमॅटोचं 25 दिवसांचं. वयातला हा फरक अशासाठी की टोमॅटो फुलावर येईल तेव्हा झेंडूही कळीवर हवा. सगळी गोम या वयात आहे आणि लोक नेमकं तेच सोडून देतात. टोमॅटोला फळं लटकायला लागल्यावर रोपवाटिकेतून झेंडूची रोपं आणून कडेने लावली, तर दसऱ्याला तोरण होईल, बाकी काही होणार नाही.

याला सापळा पीक म्हणतात. सापळा लावला की त्यात सापडलेल्याचं काहीतरी करावं लागतं. झेंडू लावून मोकळं झालेल्या माणसाने रानात अळीचं पैदास केंद्र उघडलेलं असतं.

आता आमच्या घरातलं. लग्नानंतर काही वर्षांनी गावात शेतीशाळा झाली. आम्ही बचत गटातल्या बायका तिला जायचो. तिथे हे 16 ओळींचं ऐकलं, आणि घरी येऊन सांगितलं. रानाचं सगळं तेव्हा थोरले दीर बघायचे. ते म्हणाले, “सतराव्या ओळीला झेंडू म्हणजे सतरावा क्रेट गेला.” हिशोब म्हणून ते बरोबरच होतं. पण अळीने टोचलेले, बांधावर फेकून दिलेले क्रेट ते त्या हिशोबात कधीच धरत नव्हते, आणि औषधाच्या दुकानातली उधारीही नाही. दुकानदाराने नवीन डबा पुढे केला की तो घरी यायचा. शेवटी आमचे हे मधे पडले, म्हणाले, एवढं म्हणतेय तर एका वावरात करून बघू, आणि सासूबाईंनी दसऱ्याला फुलं तरी होतील म्हणून होकार दिला.

झेंडूचं बी मी आधी टाकलं होतं, रोपं मीच वाढवली. लागण पावसाच्या तोंडावर झाली. टोमॅटोची बांधणी झाली, बांबू-तार झाली आणि तेवढ्यात झेंडू कळीवर आला. रोज सकाळी मी ओळीतून फिरायचे, कळी उघडून बघायचे. अळ्या यायला लागल्या होत्या. भोक पडलेल्या कळ्या तोडून साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या, एवढंच काम. शेजारच्या टोमॅटोचे शेंडे त्या वेळी स्वच्छ होते. मला फार आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू.

मग पंचमी आली. मी माहेरी गेले आणि येईपर्यंत कळ्या तोडायला जाऊबाईंना सांगून गेले. परत आले तर झेंडूच्या ओळीच्या जागी नुसते खड्डे. दिरांनी सबंध झेंडू उपटून टोमॅटोला लागून बांधावर ढीग घातला होता.

मी विचारलं, “दादा, झेंडू का काढला?”

“अगं, अळ्यांनी भरला होता नुसता. तुझ्या झेंडूनेच अळी आणली रानात.”

अळ्यांनी भरला होता म्हणजे तो काम करत होता! त्या अळ्या झेंडूवर नसत्या तर कुठे असत्या? रानात आलेल्या पतंगाला अंडी घालायचीच असतात, झेंडू नसला म्हणून तो उपाशी परत जात नाही. आणि उपटलेलं झाड सुकायला लागलं की अळी त्याच्यावर बसून राहत नाही, चालत निघते. बांधावरून खाली उतरली की पहिलं काय लागतं? टोमॅटो. त्या हंगामात बांधाकडच्या ओळींना सर्वांत जास्त भोकं होती. दिरांनी ती भोकं पाहिली आणि गावभर सांगितलं की झेंडूपायी माल गेला. अजूनही कोणी झेंडूचं नाव काढलं की आमच्या वावराचं उदाहरण देतात.

पुढे वाटण्या झाल्या आणि विहिरीकडचं वावर आमच्याकडे आलं. तिथे मी पहिल्या हंगामापासून झेंडू लावते. कळ्या तोडतेच, शिवाय झेंडूच्या ओळीवर एचएएनपीव्ही फवारते. हा अळीला आजारी पाडणारा विषाणू आहे. हेक्टरी 250 एलई, म्हणजे 250 रोगट अळ्यांतून निघेल एवढा विषाणू, हे प्रमाण, पण मी तो बहुतेक वेळा फक्त झेंडूवर मारते, अळी तिथेच असते म्हणून. फवारणी संध्याकाळीच करायची, उन्हाने विषाणू निकामी होतो. पाण्यात थोडा गूळ टाकायचा म्हणजे अळी चाटून खाते, आणि ऊन सोसावं म्हणून थोडी नीळ. अळ्या काळपट पडून शेंड्याला उलट्या लटकलेल्या दिसायला लागल्या की समजायचं, लागू पडलं. ज्या रानात आधी आठवड्याला पंप पाठीवर असायचा, तिथे आता अळीसाठी पंप क्वचित निघतो.

यावर दिरांचं म्हणणं, “त्या साली अळीच कमी होती.” म्हणून मी कामगंध सापळे लावले. त्यात मादीच्या गंधाची गोळी असते आणि फक्त नर पतंग येतात. सापळ्यात पतंग पडत होते, बांधापलीकडे झेंडू नसलेल्या रानात फळं टोचलेली होती, आणि आमच्याकडे अंडी झेंडूवर सापडत होती. यापेक्षा स्पष्ट काय दाखवायचं?

आता वासाचं. वासाने कीड पळते हे मला पटत नाही. तुळस, पुदिना, लसूण, कांदा सगळ्यांच्या नावावर हेच खपवलं जातं. मिश्र लागवडीचा फायदा होतो, पण त्याचं कारण वेगळं. इंग्लंडमध्ये वेल्सबोर्नच्या शास्त्रज्ञांनी कोबीच्या मुळावरच्या माशीवर काम केलं. कोबीभोवती दुसरी कुठलीही हिरवी झाडं असली की माशी चुकून त्यांच्यावर उतरते, वेळ घालवते आणि कोबीवर अंडी कमी पडतात, असं त्यांना आढळलं. हिरव्या कागदाची खोटी झाडं लावली तरी हाच परिणाम! वासाचा तिथे संबंधच उरत नाही. आपल्या आज्या ज्वारीत तूर, मूग, अंबाडी पाट्याने पेरायच्या. रान एकाच पिकाचं नसलं की किडीला सरसकट मेजवानी मिळत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

झेंडूने मुळावर गाठी करणारे सूत्रकृमी, म्हणजे मातीतले बारीक जंत, कमी होतात हे मात्र खरं आहे. झेंडूच्या मुळात सूत्रकृमीला मारक द्रव्य असतं. पण त्यासाठी ती जमीन दोनेक महिने झेंडूने दाट भरलेली हवी आणि त्यानंतर भाजी घ्यायची. टोमॅटोच्या कुंडीत कोपऱ्यात एक रोप खोचून ते होत नाही.

तुमच्या बाकीच्या भाज्यांचं थोडक्यात सांगते. कोबीला मोहरी. कोबीची पानं चाळणी करणारा चौकोनी ठिपक्यांचा पतंग मोहरीवर आधी जातो. शेतात मोहरी दोनदा पेरतात, एकदा कोबी लावायच्या 15 दिवस आधी आणि एकदा लागणीनंतर 25 दिवसांनी, म्हणजे कोवळी मोहरी सतत राहते. कुंडीत डब्यातली मोहरी मूठभर टाकली तरी चालते, फक्त ती किडीसाठी आहे, भाजी करून संपवायची नाही. वांग्याच्या शेंड्यातल्या अळीवर झेंडूचा उपयोग होत नाही. सुकून मान टाकलेला शेंडा दिसला की जरा खालून खुडायचा आणि नष्ट करायचा. वांग्याभोवती कोथिंबीर लावा आणि तिला फुलू द्या. कोथिंबीर, बडीशेप, शेपू यांची फुलं बारीक आणि उघडी असतात, किडींवर जगणाऱ्या छोट्या गांधीलमाश्यांना त्यातला मध घेता येतो, मावा खाणारे क्रायसोपा आणि ढालकिडे हे मित्रकिडेही त्यावर येतात. आपण कोथिंबीर फुलायच्या आत खुडून टाकतो. दोन-चार झाडं तरी राहू द्यावीत. चवळीवर मावा भरपूर येतो आणि त्याच्या मागे ढालकिडे येतात, म्हणून एखादा चवळीचा वेल कडेला असावा. पहिला मावा दिसला की घाबरून त्यावर औषध मारू नका, नाहीतर ढालकिड्यांना खायला काय राहील?

टेरेसवर 16 ओळींचा हिशोब लागू होत नाही हे उघड आहे. सात-आठ टोमॅटोंना एखाद-दुसरा झेंडू पुरे, आणि तोही आधी वाढवलेला. एवढ्या कमी झाडांवर तुम्ही रोज सकाळी स्वतः पानं उलटून पाहिलीत तर त्याचा उपयोग कुठल्याही फुलापेक्षा जास्त होईल. उन्हाळ्यात झेंडूवर लाल कोळी फार येतो, पानांवर जाळी दिसली की ते झाड मात्र लगेच काढा आणि पिशवीत बांधून टाका, टोमॅटोजवळ ठेवू नका. झेंडूच्या फुलात फुलकिडे असतात आणि मिरचीचा चुरडा-मुरडा फुलकिड्यांनीही होतो, म्हणून मिरचीला लागून मी झेंडू लावत नाही. टोमॅटोची पानं पोखरणारी टूटा नावाची बारीक अळी 2014 मध्ये पुण्याच्या परिसरात पहिल्यांदा दिसली, आता सगळीकडे आहे, तिच्यावर झेंडूचा काही इलाज नाही. आणि आमचे दीर चांगले शेतकरी आहेत, हेही सांगायला हवं. पाण्याची आणि खताची जाण त्यांच्याइतकी मला नाही. फक्त या एका गोष्टीत ते ऐकत नाहीत.

तुमच्या घरातही कोणीतरी म्हणेल की झेंडूनेच अळी आणली. तेव्हा एवढं करा. टोमॅटो फुलावर असताना एका सकाळी झेंडूच्या 10 कळ्या आणि टोमॅटोचे 10 शेंडे घ्या, भिंग असलं तर उत्तम, आणि दोन्हींवरची अंडी मोजा. मी दिरांना दर हंगामात मोजायला बोलावते, ते येत नाहीत. तुम्ही मोजलीत तर आकडे मला नक्की कळवा, मी त्यांना वाचून दाखवीन.