पेसमेकरवाला पेशंट टेबलावर येण्याआधी

वडोदऱ्यात भूलतज्ज्ञ म्हणून रुजू झालीस, छान. पहिल्याच आठवड्यात पेसमेकरची केस आली म्हणून घाबरू नकोस.

आधी तीन गोष्टी विचार: छातीतलं यंत्र पेसमेकर (ठोके चालू ठेवणारं) आहे की डिफिब्रिलेटर (घातक ठोके शॉक देऊन थांबवणारं), पेशंटचं हृदय त्याच्यावरच चालतं का, आणि शेवटची तपासणी कधी झाली. पेसमेकरची वर्षभरातली, डिफिब्रिलेटरची सहा महिन्यांतली हवी. दांडिया बाजारातले आजोबा ‘मशीन बसवलंय’ एवढंच सांगतील. यंत्राचं कार्ड घरी देव्हाऱ्यात असतं, मुलाला आणायला पिटाळ.

नवखे हमखास चुकतात ते मॅग्नेटवर, म्हणजे यंत्रावर बाहेरून ठेवायच्या चुंबकावर. पेसमेकरवर ठेवला तर तो बहुधा ठरावीक गतीने पेसिंग करतो, म्हणजे हृदयाला ठोक्यांचे इशारे देतो. डिफिब्रिलेटरवर ठेवला तर साधारणपणे फक्त शॉक थांबतो, पेसिंग बदलत नाही! शॉक बंद असेपर्यंत बाहेरून शॉक द्यायचे पॅड लावलेलेच ठेव.

बेंबीच्या वर शस्त्रक्रिया असेल तर कॉटरीची (विजेने कापायच्या, रक्त थांबवायच्या साधनाची) प्लेट अशी लाव की करंट यंत्रावरून जाणार नाही. सर्जनना थोडा थोडा वेळच कॉटरी वापरायला सांग, बिनधास्त सांग. तेव्हा ईसीजी गढूळ होतो, म्हणून नजर पल्स ऑक्सिमीटरच्या लाटेवर.

प्रोग्रॅमिंगचे बारकावे नंतर. बंद केलेला डिफिब्रिलेटर मात्र पुन्हा चालू झाल्याशिवाय पेशंटला मॉनिटरवरून काढू नकोस.