चोरल नदीकाठचं बिनपानांचं रोप हॉर्सटेल आहे की सुरू?

तुम्ही लिहिलंय की इंदूरजवळच्या चोरलच्या वाळूत गुडघाभर उंचीच्या, पेरापेरांच्या हिरव्या काड्या दिसल्या आणि ओढल्यावर त्या पेरातून सुटल्या. हॉर्सटेल, म्हणजे फूल-बी न येणारी पेरांची वनस्पती, अशी सुटते खरी, पण नुसत्या सुटण्यावर जाऊ नका. सुरूच्या झाडाची हिरवी काडीही अशीच सुटते. हॉर्सटेलचं शास्त्रीय नाव इक्विसेटम, आणि सुरूच्या शास्त्रीय नावातलं 'इक्विसेटिफोलिया' या साम्यावरूनच पडलंय. इंदूरला वनस्पतिशास्त्र शिकवायचे तेव्हा दोन्ही काड्या मी शेजारी शेजारी ठेवायचे, आणि पहिल्या दिवशी बरीच मुलं चुकायची.

बारीक फांदी नको, जमिनीलगतचं मुख्य खोड घ्या आणि दोन पेरांच्या मध्ये ब्लेडने आडवं कापा. आत पोकळ नळी दिसली तर हॉर्सटेल, म्हणजेच इक्विसेटम. सुरूचं खोड भरीव लाकडाचं असतं. मग पेर बघा. खोडाला घट्ट बसलेली, वर दाते असलेली नळीसारखी बाही दिसेल. तीच याची पानं, एकमेकांना चिकटलेली. अन्न तयार करायचं काम हिरवं खोडच करतं. खोडावर उभ्या कंगोऱ्या असतात. त्यांवरून नख फिरवा, कानशीसारखं खरखरीत लागेल. ही सिलिका. म्हणूनच पूर्वी याने भांडी घासत.

पुस्तकात बहुधा इक्विसेटम आर्वेन्सेचं चित्र असतं: वसंतात आधी शंकू असलेलं तपकिरी खोड, मागून हिरवं. ते आपल्याकडे शोधू नका. मैदानी भागात नदीनाल्यांच्या वाळूत सापडतं ते बहुतेक इक्विसेटम रॅमोसिसिमम, आणि त्याचा शंकू हिरव्या खोडाच्याच टोकाला येतो. शंकू मिळाला तर शंकाच उरत नाही. फूल नाही, बी नाही, फक्त बीजाणू, म्हणजे बीचं काम करणारे बारीक कण.

ते बीजाणू काचपट्टीवर झटकून सूक्ष्मदर्शकाखाली जरूर बघा. प्रत्येकाला चार पट्ट्या असतात. हळूच फुंकर घाला: श्वासातल्या ओलाव्याने पट्ट्या गुंडाळतात, सुकल्या की उलगडतात आणि बीजाणू उड्या मारतात. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी याचे नातलग, कॅलामाइट्स, ३० मीटरपर्यंत वाढत. आज त्या अख्ख्या घराण्यातला इक्विसेटम हा एकच वंश उरलाय, आणि त्यातली एक जात आपल्या चोरलकाठी उभी आहे!

एक विनंती. इंटरनेटवर वाचून याचा चहा करू नका. यातलं थायमिनेज हे विकर (एन्झाइम) शरीरातलं ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतं, आणि काही जातींनी गुरंढोरं आजारी पडतात. अभ्यासाला एक खोड पुरे, जमिनीतलं खोड उपटू नका.