प्रवासप्रश्न: सकाळी निघून संध्याकाळी घरी

प्रश्न: आमच्या लहान शहरापासून ९० किलोमीटरवर तसेच दुसरे लहान शहर आहे. तेथे आईची बालमैत्रीण राहते. मी, पत्नी, ७४ वर्षांची आई आणि सहा वर्षांची मुलगी असे चौघे गाडीने जाऊन त्याच दिवशी परतणार आहोत. मैत्रिणीची भेट, तेथील जुना तलाव आणि एक वस्तुसंग्रहालय असा बेत आहे. फोनवरील नकाशा एका बाजूच्या प्रवासाला एक तास पन्नास मिनिटे दाखवतो, म्हणून सकाळी आठला निघून दहाच्या आत पोहोचावे असे ठरवले आहे. मागच्या वेळी असाच बेत केला होता, तेव्हा घरी यायला रात्रीचे दहा वाजले आणि सगळेच थकून एकमेकांवर चिडले. या वेळी काय बदलावे?

उत्तर: आपल्या पत्रात घरून निघण्याची वेळ आहे, तेथे पोहोचण्याची वेळ आहे, पाहण्याच्या ठिकाणांची नावेही आहेत, परंतु तेथून परत निघण्याची वेळ मात्र कोठेच दिलेली नाही. मागच्या वेळी रात्रीचे दहा का वाजले याचे उत्तर मला तेथेच दिसते. एका दिवसाच्या प्रवासाची आखणी सकाळपासून पुढे करत गेले की जो उशीर होतो तो सगळा संध्याकाळवर साचत जातो आणि चालक सर्वांत थकलेला असतो नेमक्या त्याच वेळी गाडी अंधारात शिरते. म्हणून आखणी उलट्या दिशेने करावी, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते.

समजा, त्या दिवशी सूर्यास्त साडेसहाला आहे. सूर्यास्तापूर्वी अर्धा तास, म्हणजे सहाला, घरी पोहोचायचे असे धरा. नकाशाने दाखवलेली एक तास पन्नास मिनिटे ही गाडी कोठेही न थांबता चालत राहिली तर लागणारी आहेत. आई आणि लहान मुलगी बरोबर असताना वाटेत एकदा तरी थांबावे लागेल आणि दहा मिनिटांचे म्हणून घेतलेले थांबणे उतरणे, स्वच्छतागृह, पाणी, पुन्हा गाडीत बसणे यांसह वीस-पंचवीस मिनिटांचे होते. रस्त्यातील किरकोळ खोळंब्यासाठी आणखी पंधरा मिनिटे धरली की परतीला अडीच तास झाले. म्हणजे तेथून साडेतीनला निघायला हवे. सकाळी आठला निघाल्यावर याच हिशेबाने आपण साडेदहाच्या सुमारास पोहोचाल आणि हाती पाच तास उरतील. त्यांतला एक तास जेवणाचा. दोन मैत्रिणी इतक्या वर्षांनी भेटणार असतील, तर दोन तासही त्यांना कमीच वाटतील. उरलेल्या दोन तासांत तलाव किंवा वस्तुसंग्रहालय यांपैकी एकच काही तरी निवांत पाहता येईल. मी आपल्या जागी असते तर तलाव निवडला असता, कारण गाडीत बसून आलेल्या सहा वर्षांच्या मुलीला त्या वेळी मोकळे धावायला हवे असते. वस्तुसंग्रहालयच पाहायचे असेल, तर त्याचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस आदल्या दिवशीच विचारून घ्यावा.

वेग वाढवून वेळ भरून काढू, हा विचार अनेकांच्या मनात येतो, म्हणून त्याचा हिशेब मांडते. आपल्या ९० किलोमीटरांपैकी ६० किलोमीटर मोकळा रस्ता आहे आणि तेथे ताशी ६० किलोमीटर वेग मिळतो, तर उरलेले ३० किलोमीटर वस्ती, वळणे आणि खराब रस्ता यांमुळे ताशी ३० नेच कापावे लागतात, असे समजू. दोन्ही भागांना एकेक तास लागतो. अंतराच्या दोन तृतीयांश भागात वेग चांगला असूनही सरासरी ४५ वरच राहते, कारण वेळ खातो तो संथ भाग. आता मोकळ्या भागात वेग ६० वरून ७५ केला, तरी वाचतात फक्त बारा मिनिटे. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतर मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ते दीडपटीहून अधिक होते. सकाळी घरून वीस मिनिटे लवकर निघणे हा याहून कितीतरी सोपा मार्ग आहे.

आणखी एक गोष्ट नकाशा सांगत नाही, ती म्हणजे सूर्य कोणत्या बाजूला असेल. ते शहर आपल्या पूर्वेला असेल, तर जाताना उगवता आणि परतताना मावळता असा दोन्ही वेळा सूर्य चालकाच्या डोळ्यांवर येईल. तेव्हा समोरची काच आतून-बाहेरून स्वच्छ पुसून ठेवावी, कारण काचेवरचा धुरकट थर एरवी जाणवतही नाही, पण तिरपे ऊन पडले की समोरचे सारे पांढरे दिसू लागते. शहर पश्चिमेला असेल तर सूर्य दोन्ही वेळा पाठीशी राहील. आपल्याला ते सोयीचे असले, तरी समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर मात्र ऊन असते आणि त्याला आपली गाडी उशिरा दिसते. म्हणून दिवसाही पुढचे दिवे लावावेत.

साडेतीनच्या वेळेत एक अडचण आहे, ती मी लपवत नाही. दुपारी दोन ते चार या काळात शरीराच्या घड्याळानुसारच जागरूकता उतरते, आणि जेवण जड झाले असेल तर सुस्ती आणखी वाढते. त्यामुळे गाडी जो चालवणार आहे त्याने जेवण हलके घ्यावे आणि निघण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटून पडावे. याहून लांब झोप घेतली तर जागे झाल्यावर काही वेळ डोके जड राहते. पत्नीही गाडी चालवत असतील तर परतीची गाडी त्यांच्या हाती द्यावी.

साडेतीनची ही वेळ आईच्या मैत्रिणीला आधीच फोनवर कळवा. आयत्या वेळी उठू लागले की यजमान आग्रह करतात, आई अवघडते आणि अर्धा तास जातो. आधीच माहीत असेल तर त्यांच्या गप्पाही त्याच बेताने होतात.

प्रश्न: जाऊन-येऊन जेमतेम १५० किलोमीटरचा प्रवास आहे. एवढ्यासाठी गाडीची तपासणी करण्याची खरोखर गरज आहे का?

उत्तर: गॅरेजमध्ये नेण्याची गरज नाही, पण स्वतः पंधरा मिनिटे द्यावीत, आणि ती निघण्याच्या सकाळी न देता आदल्या दिवशी द्यावीत, म्हणजे काही उणे निघालेच तर दुरुस्तीला वेळ राहतो.

सर्वांत आधी टायर. हवेचा दाब टायर थंड असताना तपासायचा असतो. गाडी काही किलोमीटर पळाली की टायर तापतात, आतली हवाही तापते आणि दाब प्रत्यक्षाहून अधिक दिसतो. दाब किती असावा हे चालकाच्या दाराच्या चौकटीवर लावलेल्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. टायरच्या कडेवर कोरलेला आकडा हा त्या टायरला सोसेल असा कमाल दाब असतो, त्यानुसार हवा भरू नये. कमी हवेचा टायर चालताना अधिक वाकतो, त्या वाकण्याने तापतो आणि नेमका वेगात असताना फुटतो. टायरवरील नक्षीची खोली अनेक देशांत किमान १.६ मिलिमीटर असावी असा नियम आहे, पण पावसाळी दिवशी ती तीनच्या खाली गेलेली असेल तर मी स्वतः वेग बराच कमी ठेवते, कारण नक्षी झिजली की खालचे पाणी बाहेर फेकले जात नाही आणि टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागतो.

जादा टायर म्हणजे स्टेपनी तपासायला बहुतेक जण विसरतात. मीही एकदा विसरले होते. दोन गावांच्या मधोमध टायर पंक्चर झाला, स्टेपनी बाहेर काढली, तर तीही बसलेली होती. सव्वा तास रस्त्याकडेला उभी होते आणि तोवर अंधार पडला. तेव्हापासून चार टायरांची हवा तपासताना पाचवाही तपासते. अलीकडच्या काही गाड्यांत स्टेपनीऐवजी पंक्चर बुजवणाऱ्या द्रवाचा संच दिलेला असतो, आणि काहींत अरुंद तात्पुरते चाक असते, जे लावल्यावर साधारणपणे ताशी ८० किलोमीटरच्या वर जायचे नसते. आपल्या गाडीत यांपैकी काय आहे, हे पंक्चर होण्याआधी पाहून ठेवावे.

इंधन घरूनच भरून घ्यावे, कारण लहान शहरांच्या मधल्या रस्त्यावरचे पंप चालू असतीलच असे नाही. गाडी विजेची असेल तर परतीच्या अंतरावर तिसरा हिस्सा जादा धरावा. थंडीत, चढावर आणि वेगात बॅटरी लवकर उतरते, शिवाय जलद चार्जरवरही ८० टक्क्यांनंतर चार्जिंग पुष्कळ मंदावते, त्यामुळे वाटेत पूर्ण भरून घेण्याच्या आशेवर वेळेचे गणित बसवू नये. दिवे, वायपर आणि काच धुण्याचे पाणी पाहायला दोन मिनिटे पुरतात.

प्रश्न: वाटेत बराच वेळ मोबाइलला रेंज नसते. फोनवरच्या नकाशावर कितपत विसंबावे?

उत्तर: फोनला आपले ठिकाण उपग्रहांच्या संकेतांवरून कळते आणि त्याला मोबाइलची रेंज लागत नाही, रेंज लागते ती नकाशाचे चित्र आणि रहदारीची माहिती उतरवून घ्यायला. त्यामुळे त्या भागाचा नकाशा घरीच उतरवून ठेवला की रेंज नसलेल्या पट्ट्यातही तो रस्ता दाखवत राहतो, फक्त पुढच्या खोळंब्याची खबर मिळत नाही. एक सावधगिरी मात्र बाळगावी. दोन-तीन मिनिटे वाचतात म्हणून नकाशा अनेकदा अरुंद, अनोळखी रस्त्याकडे वळवतो. निघण्यापूर्वीच पूर्ण मार्ग डोळ्यांखालून घालावा, वाटेतल्या चार-पाच गावांची नावे क्रमाने कागदावर लिहावीत आणि तो कागद शेजारी बसणाऱ्याच्या हाती द्यावा. एवढ्याने फोन बंद पडला तरी अडत नाही.

प्रश्न: मी वयाच्या ५२ व्या वर्षी गाडी चालवायला शिकले. आता दोन वर्षे गावात नियमित चालवते. माझी मुलगी ६५ किलोमीटरवरच्या गावी राहते. मध्ये एक लहान घाट आहे. एकटीने जाऊन त्याच दिवशी परत यावे असे फार मनात आहे, पण घरचे नको म्हणतात आणि मलाही घाटाची भीती वाटते. जाऊ का?

उत्तर: जरूर जा. आपल्या पत्रातली भीती मला दोष वाटत नाही. घाटात जपून चालवणाऱ्याला ती असतेच. फक्त तिला एक पायरी कमी करून देऊ. पहिल्या खेपेला मुलीकडे जायचे ठरवूच नका. घरातल्या कोणाला तरी शेजारी बसवून सकाळी फक्त घाट चढा, पलीकडे उतरा, थोडे थांबा आणि त्याच वाटेने परत या. रस्त्याची वळणे एकदा हातांना कळली की दुसऱ्या खेपेला एकटीने जाताना लक्ष रहदारीकडे देता येते.

चढण्यापेक्षा उतरणे अधिक कसोटीचे असते. उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला तर ब्रेक तापतात आणि तापलेल्या ब्रेकची पकड कमी होते. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर घालावा, गाडी इंजिनाच्या ओढीनेच रोखली जाऊ द्यावी आणि ब्रेक लागेल तेवढाच दाबून सोडावा. ज्या गिअरमध्ये हा चढ चढावा लागला असता त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा ठोकताळा आजही उपयोगी आहे. गाडी स्वयंचलित असेल तर तिच्यातही खालच्या गिअरची सोय असते, ती कोठे आहे हे आधी पाहून घ्या. वेग वळणाच्या आधी कमी करायचा असतो, वळणात शिरल्यावर नव्हे. मागून कोणी भोंगा वाजवून घाई करू लागले, तर रुंद जागा दिसताच डावी-उजवीकडची मोकळी कड पाहून गाडी बाजूला घ्या आणि त्याला जाऊ द्या. त्यात आपल्या एका मिनिटाहून अधिक जात नाही, आणि मागच्या माणसाच्या घाईने आपण चालवणे थांबते.

अंधारात परतणे पहिले वर्षभर तरी टाळावे. पुढच्या दिव्यांचा खालचा झोत साधारण ४०-५० मीटरपर्यंतच रस्ता नीट दाखवतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते आणि समोरचे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच जवळजवळ तेवढा वेळ जातो. पुढे गाडी प्रत्यक्ष थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावरही आणखी ३५ मीटर लागतात. म्हणजे जे दिसते त्याच्या आत थांबता येत नाही. आपला वेग याहून कमी असेल हे मी जाणते, पण घाटात अंधार आणि समोरच्या वाहनांचे दिवे एकत्र आले की सरावलेल्या माणसालाही कठीण जाते.

वाटेत डोळे जड होऊ लागले तर काच खाली करून किंवा गाणी मोठ्याने लावून झोप जात नाही. सुरक्षित जागी थांबा, कॉफी घ्या आणि पंधरा मिनिटे पडा; कॉफीचा परिणाम जाणवायला सुमारे अर्धा तास लागतो, त्यामुळे ती आधी आणि झोप नंतर हा क्रम बरोबर बसतो. त्या दिवशी सर्दी-खोकल्याचे किंवा गाडी लागू नये म्हणूनचे औषध घेऊ नका, कारण त्यांतील पुष्कळ औषधे गुंगी आणतात.

घरच्यांसाठी एक गोष्ट करा. घाटाच्या अलीकडे थांबून एक फोन आणि घाट उतरल्यावर दुसरा, असे जाताना आणि येतानाही ठरवून घ्या. गाडी चालू असताना कोणाचाही फोन घेणार नाही, हे त्यांना आणि मुलीलाही आधीच सांगून ठेवा. मुलीकडून निघण्याची वेळ आपण स्वतः ठरवा, आणि ती दुपारी तीननंतरची नसावी. निघण्याच्या वेळी पाऊस कोसळत असेल, तर मुलीकडे एक रात्र राहण्याची तयारी असू द्या. कपड्यांचा एक जोड आणि रोजची औषधे त्यासाठी पिशवीत आधीच ठेवलेली असावीत.