शांती मिळाली, तरी दारं बंदच होती

पत्र: मावशी, आईला जाऊन चौदा महिने झाले. शेवटची अडीच वर्षं ती अंथरुणाला खिळून होती आणि तिचं सगळं मीच केलं. ती गेल्यापासून मला झोप नाही. रात्री दोनला टक्क जाग येते, ती पहाटेपर्यंत. प्रार्थना करते, उपास केले, पवित्र शास्त्र वाचते, पण मन ठिकाणावर येत नाही. मंडळीतले म्हणतात, "प्रभूवर सोड, शांती मिळेल." एका बहिणीने तर सांगितलं, "कुठलंतरी पाप दडवून ठेवलं असशील, शोध." महिला मंडळाची प्रार्थना दर आठवड्याला मीच चालवते. तोंडाने "प्रभूची शांती" म्हणते आणि आत कोरडी ठक्क. ढोंगी झाल्यासारखं वाटतं. माझा विश्वासच खोटा आहे का? असेल तर हे सगळं सोडून देऊ का?
ता. क. मातीच्या दिवशी दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "हिने आईला वेळेवर दवाखान्यात हलवलं असतं तर ती आज असती." तेव्हापासून बोलणं नाही. पण तो विषय वेगळा.
– एक अस्वस्थ बहीण

बाळ, मावशी म्हणालीस, तेव्हा अगंतुगं करते, चालवून घे.

तुझं मूळ पत्र सात पानी होतं, वर त्याचं सार दिलं आहे. सातही पानांवर अक्षर एकसारखं, रेघेत. ता. क.मध्ये मात्र पेन इतकं दाबलं गेलंय की कागदाच्या मागच्या बाजूला बोट फिरवलं तर अक्षरं लागतात. हे सदर चालवून चालवून मी पत्रं शेवटून वाचायला शिकले आहे. तेव्हा "तो विषय वेगळा" हे काही मी मानणार नाही.

त्याआधी तू विचारलेल्याचं उत्तर. नाही, तुझा विश्वास खोटा नाही. रात्री दोन वाजता उठून जिच्याकडून उत्तर येत नाही त्या दिशेलाच तोंड करून बसणारी बाई ढोंगी कशी? ढोंगी माणूस त्या वेळी घोरत असतो.

माझंच सांगते. माझे यजमान गेले त्यानंतर तिसऱ्या महिन्यात मी उपासनेत साक्ष दिली. उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाले, "प्रभूने मला संपूर्ण शांती दिली आहे." चारजणींनी डोळे पुसले. घरी आले तर कुलपात किल्ली जाईना. हात इतका थरथरत होता की किल्ली दोनदा पायरीवर पडली. दुसऱ्यांदा उचललीच नाही, तिथेच बसून राहिले, शेजारच्या मुलीने येऊन दार उघडून दिलं. कितीतरी वर्षं मला वाटायचं की त्या दिवशी आपण देवाच्या घरात खोटं बोललो. आता वाटतं, खोटं नव्हतं ते. आगाऊ होतं.

योहानाच्या शुभवर्तमानातला विसावा अध्याय तू शंभरदा ऐकला असशील. पुनरुत्थानाच्या दिवशी संध्याकाळी शिष्य दारं लावून बसलेत, भीतीने. येशू मध्ये येऊन उभा राहतो आणि म्हणतो, तुम्हांस शांती असो. आता कुणाला म्हणतो ते बघ. तीनच दिवसांपूर्वी त्याला एकटं टाकून पळालेल्यांना. त्यातल्या एकाने तर त्याला ओळखतही नाही असं तीनदा सांगितलं होतं. "आधी ते पाप शोधा, मग या" असं तो म्हणत नाही. शांती म्हणतो आणि लगेच हात आणि कूस दाखवतो, जखमा असलेली. पुन्हा एकदा शांती म्हणतो. इथवर सगळे वाचतात. याच्यापुढचं एक बारीकसं वाक्य आपण घाईत ओलांडतो. आठ दिवसांनी शिष्य पुन्हा आत होते, आणि दारं बंद होती.

शांती खुद्द प्रभूच्या तोंडून मिळाली होती. दोनदा. जखमा डोळ्यांनी पाहिल्या होत्या. तरी आठवड्याने कडी तशीच. आणि तो रागावला नाही गं. "मागच्या खेपेला सांगितलं होतं ना" असंही म्हणाला नाही. बंद दारातूनच पुन्हा आला आणि तिसऱ्यांदा तेच म्हणाला.

तुला लोक जी शांती मिळेल म्हणून सांगतात ती एक भावना आहे, पोटात गार वाटण्याची. ती येते कधीकधी, आली की गोडही लागते, पण तिच्यावर विश्वास मोजायचा नसतो. मदर तेरेसा १९९७ मध्ये वारल्या. त्यांची खासगी पत्रं २००७ मध्ये छापून आली तेव्हा कळलं की त्यांच्या आत कित्येक दशकं नुसता अंधार होता, देव जवळ असल्याची जाणीवच नव्हती. ते वाचून काहींनी नाकं मुरडली. चर्चने मात्र २०१६ मध्ये त्यांना संत म्हणून जाहीर केलं.

शांती या आपल्या शब्दाचीही थोडी गफलत आहे. "शांत बस" म्हणजे गप्प बस. म्हणून शांती म्हटलं की आपल्याला आतला आवाज बंद होणं एवढंच सुचतं. हिब्रू शब्द शालोम. त्यात काहीही मोडलेलं नसणं, सगळं धड असणं येतं, क्षेमकुशल येतं आणि माणसामाणसांतला सलोखाही येतो. उत्पत्तीच्या सदतिसाव्या अध्यायात योसेफाचे भाऊ त्याचा इतका द्वेष करतात की त्याच्याशी त्यांना सलोख्याने बोलवत नाही. मूळ हिब्रूत तिथे शालोमच आहे. दहा वचनं पुढे म्हातारा बाप याकोब योसेफाला सांगतो, जा, तुझे भाऊ आणि कळपं बरी आहेत ना ते बघून ये. तिथेही तोच शब्द. म्हणजे ज्या शांतीसाठी तू रात्ररात्र जागतेस, तिच्यात दादा आधीपासूनच येऊन बसलाय. तू त्याला ता. क.मध्ये टाकलंस म्हणून तो बाहेर जात नाही.

लगेच धसकू नकोस. उद्या उठून त्याच्या गळ्यात पड असं मी सांगत नाहीये. योसेफ सतरा वर्षांचा असताना भावांनी त्याला विकलं. ते पुन्हा समोर आले आणि त्याने ओळख दिली, तोवर हिशोबाने बावीस वर्षं झाली होती. ओळख देण्याआधी त्याने त्यांना चांगलं पारखून घेतलं, मधूनमधून बाजूला जाऊन रडला, पुन्हा तोंड धुऊन बाहेर आला. पवित्र शास्त्राला क्षमेची घाई नाही, घाई आपल्या मंडळीतल्या बायकांना असते. प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिताना सर्वांशी शांतीने राहा म्हटलं, पण आधी म्हटलं: शक्य असल्यास, आणि तुमच्याकडून होईल तितकं. दादाकडून काय होईल ते तुझ्या पदरात नाही.

आणि झोप यावी म्हणून क्षमा करू नकोस. गोळी घेतल्यासारखी क्षमा केली की दुसऱ्या दिवशी आपण बघत बसतो, लागू पडली का.

आता दादाच्या त्या वाक्याकडे येऊ. मला वाटतं, ते वाक्य तुला दादाचा राग आला म्हणून जागवत नाही. ते खरं असेल की काय, या धास्तीने जागवतंय. अडीच वर्षं तू कूस बदललीस, चादरी बदलल्यास, औषधांच्या वेळा पाळल्यास, आणि दूर राहणाऱ्या माणसाने एका वाक्यात सगळ्यावर बोळा फिरवला. यावर प्रार्थनेच्या आधी एक साधं काम आहे. आईला बघणाऱ्या डॉक्टरांची वेळ घे, कागद घेऊन जा आणि तोंडावर विचार: आणखी लवकर हलवलं असतं तर फरक पडला असता का? चौदा महिने तू हा प्रश्न देवाला विचारते आहेस. डॉक्टरांना एकदाही विचारला नाहीस, निदान सात पानांत तसं कुठे दिसलं नाही.

बहुतेक ते सांगतील की नसता पडला. पण समजा म्हणाले, हो, थोडा पडला असता. मग? मग पेत्राकडे बघ, येशूला ओळखत नाही असं तीनदा सांगणारा शिष्य तोच. नाकारलं तेव्हा तो महायाजकाच्या अंगणात कोळशांच्या विस्तवापाशी शेकत उभा होता. पुढे योहानाच्याच एकविसाव्या अध्यायात, पहाटे, समुद्राच्या काठी पुन्हा कोळशांचा विस्तव पेटलेला आहे. मूळ ग्रीकमधला तो शब्द साऱ्या नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. तो वास नाकात गेल्यावर पेत्राला काय आठवलं असेल ते सांगायला नको. येशू त्याला आधी जेवायला बोलावतो, मग तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का. चूक झालीच नाही असं त्याने भासवलं नाही आणि उगाळलीही नाही. हातात काम दिलं, माझी मेंढरं राख. ख्रिस्ताची क्षमा खऱ्या चुकांसाठी असते, बाळ. न झालेल्या चुकांना ती लागतच नाही, तिथे डॉक्टरांचं उत्तर पुरतं.

दडलेलं पाप शोधायला सांगणाऱ्या बहिणीचं मनावर घेऊ नकोस. प्रोटेस्टंट पंथाचा पाया घालणारा मार्टिन ल्यूथर मठात असताना पापं हुडकून तासन्‌तास कबुली देत बसायचा आणि कबुली संपवून उठला की आणखी एखादं आठवायचं. त्या वाटेने त्याला शांती मिळाली नाही. शिवाय आंधळ्या माणसाला बघून "कोणी पाप केलं, याने की याच्या आईबापांनी?" असं शिष्यांनी विचारलं, तेव्हा येशूने दोन्ही नावं खोडली होती.

झोपेसाठीही डॉक्टरकडे जा. हे मी सल्ला म्हणून नाही, हट्ट म्हणून सांगते. चौदा महिन्यांचं जागरण हा शरीराचा आजार झालेला असू शकतो, उदासीनतेचाही. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून "आता मला मरू दे" म्हणाला, तेव्हा देवदूताने त्याला प्रवचन दिलं नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं. उठवून पुन्हा भाकर-पाणी दिलं. देव बोलला तो त्यानंतर, होरेब डोंगरावर. पौलाचा सोबती लूकही वैद्यच होता. तेव्हा डॉक्टरची चिठ्ठी म्हणजे अविश्वासाचा दाखला, असं कुणी म्हटलं तर त्याला माझ्याकडे पाठव. आणि मला मरू दे असं तुलाही कधी वाटत असेल तर वेळ घ्यायची वाट बघू नकोस, त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी सांग आणि दवाखाना गाठ.

सोडून देऊ का, विचारलंस. संत इग्नेशियस लोयोला यांचं "आत्मिक साधना" हे पुस्तक १५४८ मध्ये छापलं गेलं, त्यात याला सरळ नियम आहे: मन कोरडं पडलेलं असताना आधी केलेला कोणताही निश्चय बदलू नये. तू कॅथलिक नसलीस तरी घे हा नियम, चांगला आहे. उपासनेला जात राहा. मागच्या बाकावर बस, गाणं नको वाटलं तर गाऊ नकोस, शेजारणीचं ऐक. महिला मंडळाची प्रार्थना मात्र तीन महिने दुसरीवर सोपव. कारण विचारलं तर खरं सांग, थकले आहे. आणि पाळकसाहेबांना एकदा घरी बोलावून ती ता. क. वाचून दाखव, बाकीची पानं नकोत.

रात्री दोनला जाग आली की मोठमोठ्या प्रार्थना रचत बसू नकोस. चौथं स्तोत्र काढ. आठच वचनं आहेत. चौथ्यात अंथरुणावर पडल्यापडल्या मनाशी बोला आणि गप्प राहा असं आहे. पौलाने इफिसकरांना रागाविषयी लिहिताना याच वचनातला शब्द उचललाय, म्हणजे रागावलेल्या माणसाच्या जागरणाची त्याला चांगली कल्पना होती. आठव्या वचनात तो माणूस निजतो. तुला लगेच झोप लागेल असं नाही. वाच, दिवा मालव आणि पडून राहा.

राहिला दादा. डॉक्टरांना भेटून आलीस की त्याला दोन ओळी लिही. क्षमा, प्रभू, शांती यातला एकही शब्द त्यात नको, त्याला तो टोमणा वाटेल. एवढंच लिही: "दादा, आईचे सगळे कागद घेऊन डॉक्टरांना भेटले. ते काय म्हणाले ते तुला सांगायचं आहे. फोन कधी करू?" आईविषयी त्यालाही काही विचारायचं राहून गेलं असेल. जे दूर राहिले त्यांच्यापाशी असं पुष्कळ असतं. त्याचं उत्तर नाही आलं तर ख्रिस्तजयंतीला पुन्हा दोन ओळी.

डॉक्टरांची वेळ कोणत्या दिवशी मिळाली ते मला कळव. मी त्या दिवशी सकाळी चौथं स्तोत्र वाचेन.

तुझी,
मावशी